जीपला बूस्टर टाकायच्या आधी गेज लावा

"बूस्टर टाकून द्या" (बूस्टर म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा डबा) असं म्हणत जुनी जीप घेऊन येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: गाडी थांबत नाही म्हणजे नक्की काय होतं? "थांबतच नाही ओ," एवढंच उत्तर मिळतं. मग स्वतः चालवून बघायची, म्हणजे कळतं. माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. गिऱ्हाईक बहुतेक महिंद्राच्या जुन्या जीपवाले, अधूनमधून एखादी पद्मिनी, एखादी ॲम्बेसेडर. सगळ्यांची तऱ्हा एकच. इंजिन बदललेलं, टायर रुंद झालेले, रंग चकाचक, आणि ब्रेक मात्र आजोबांच्या काळातले.

'थांबत नाही' याचे किमान तीन प्रकार असतात. पहिला: पाय जीव खाऊन दाबला की चाकं धरतात, पण धरतात. तिथं बूस्टरचा उपयोग आहे. दुसरा प्रकार म्हणजे पेडल निम्म्यापर्यंत बसतं आणि दोनदा पंप मारल्यावर वर येतं. तिथं लायनरची (ड्रमला आतून घासून चाक अडवणाऱ्या अस्तराची) सेटिंग, ब्रेक ऑइलच्या लाइनीतली हवा किंवा गळका व्हील सिलिंडर बघायचा, बूस्टरचा संबंध नाही. तिसरा प्रकार घाटातला: करूळ घाटाच्या माथ्यावर ब्रेक झकास आणि पायथ्याला येईपर्यंत जळका वास, ब्रेक ढिम्म. ड्रम तापून लायनरची पकडच गेलेली असते. त्यावर बूस्टर लावला तर पायाला कमी कष्ट होतील, गाडी थांबायची तेवढीच थांबेल. बूस्टर पायाचा जोर वाढवतो. लायनरची पकड आणि टायरची पकड तो वाढवत नाही.

टायरचंही बघा. सीजे-३बी जीपला मुळात ६.००-१६ चे टायर, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच. तिथं ३१ इंची टायर चढवले की चाक अडवायला जवळपास नऊ टक्के जास्त जोर लागतो. ड्रम तेच, सिलिंडर तेच. लोक म्हणतात टायर बदलले आणि ब्रेक कमी झाले. झालेच की.

आधी पेडल आणि मास्टर सिलिंडर मोजा

एक टेप घ्या आणि पेडलखाली वाका. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथपासून पायाच्या रबराच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मग त्याच पिनपासून पुशरॉड (पेडलचा जोर पुढं नेणारी दांडी) जोडलेल्या भोकापर्यंतचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. बूस्टर नसलेल्या गाडीला हा रेशो सहाच्या आसपास असावा, बूस्टर असलेल्या गाडीला चारच्या आसपास. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत कुणीतरी दुसऱ्या गाडीचं पेडल वेल्डिंग करून बसवलेलं असतं आणि रेशो चारावर आलेला असतो, बूस्टर नसताना. मग पेडल कडक लागणारच.

दुसरं, मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पायाच्या जोरानं ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या सिलिंडरचा, बोअर (आतला व्यास). पाय ३० किलोनं दाबला आणि रेशो सहा असला तर पुशरॉडवर १८० किलो जातात. बोअर पाऊण इंच असेल तर लाइनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६३ किलो दाब तयार होतो. सात अष्टमांश इंच असेल तर ४६. एक इंच असेल तर ३५. म्हणजे मोठा मास्टर सिलिंडर टाकला की ब्रेक वाढत नाहीत, कमी होतात. पेडल मात्र कमी जातं आणि कडक लागतं. 'मोठा तेवढा भारी' म्हणून एका इंचाचा मास्टर टाकून वर बूस्टर मागायला येणारे पुष्कळ. त्यांना मी लहान बोअरचा मास्टर टाकून देतो आणि निम्म्या लोकांचं काम तिथंच भागतं. फक्त एक पथ्य आहे. पुढं डिस्क बसवली असेल तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या पकडीच्या) मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइल जास्त लागतं. तिथं लहान बोअर टाकला तर पेडल फ्लोअरला टेकेल. अशा वेळी बोअर मोठाच ठेवावा लागतो, आणि कमी पडलेला जोर बूस्टरकडून घ्यावा लागतो. डिस्क बसवलेल्या गाडीला बूस्टर लागतो त्याचं आणखी एक कारण आहे. ड्रममध्ये पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो आणि स्वतःची पकड वाढवतो. डिस्कच्या पॅडला ही सोय नाही, सगळा जोर लाइनीतूनच यावा लागतो.

आणि हो, तुमच्या गाडीत अजून जुना एका लाइनीचा मास्टर असेल, तर पहिला पैसा बूस्टरवर घालू नका, दोन सर्किटच्या टँडम मास्टरवर घाला, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइनी वेगळ्या असतात. मागच्या ॲक्सलवरचा एक पाइप घासून फुटला की जुन्या मास्टरवर चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून दोन सर्किट सक्तीची झाली, आपल्याकडच्या जीपा त्यानंतरही वर्षानुवर्षं एकाच लाइनीवर धावल्या.

व्हॅक्यूम कुठून येणार

इथंच बूस्टरची निवड ठरते. बाजारात काय स्वस्त मिळतंय यावर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

डबा आत ओढतो असं वाटतं, पण खरं तर बाहेरची हवा ढकलते. डब्याच्या मधे रबरी डायफ्रॅम असतो. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं. ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा सोडली जाते आणि तो फरक डायफ्रॅमला पुढं रेटतो. म्हणून दोनच गोष्टी महत्त्वाच्या: डायफ्रॅम किती मोठा आणि व्हॅक्यूम किती. नऊ इंची डायफ्रॅमचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. गेजवर १८ इंच (पाऱ्याचे इंच) व्हॅक्यूम असेल तर कागदावर अडीचशे किलोचा धक्का मिळतो. तोच १० इंचांवर आला तर १४० किलो. सात इंची डबा १८ इंचांवर दीडशे किलो देतो. प्रत्यक्षात आतली स्प्रिंग आणि दांडी आपापला वाटा खातात, त्यामुळे हातात येतं ते यापेक्षा कमीच.

म्हणून व्हॅक्यूम गेज विकत घ्या किंवा मागून आणा. मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला) जोडा, इंजिन नीट गरम होऊ द्या, ॲक्सिलरेटर सोडून स्लोवर ठेवा आणि बघा. चांगलं पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच दाखवतं, आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो हे लक्षात ठेवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. रत्नागिरीत १८ दाखवणारं इंजिन इथं १६ दाखवतं, आणि महाबळेश्वरात, साडेतेराशे मीटरवर, चौदाच्या खाली येतं. बूस्टर बसवून पुण्या-मुंबईत खूश असलेला माणूस डोंगरावर जाऊन ब्रेक कडक झाल्याची तक्रार करतो ती यामुळं. निवड करताना आपण जातो त्या सर्वांत उंच जागेचा हिशेब धरा.

१५ इंचांच्या वर असेल तर साधा व्हॅक्यूम बूस्टर बिनघोर लावा. बारा-तेरावर लटपटत असेल तर आधी इंजिन बघा: टॅपेट, टायमिंग, मॅनिफोल्डचं गास्केट. रेसिंगचा कॅम टाकलेला असेल किंवा दोन कार्बोरेटर लावले असतील तर काटा दहावर नाचत राहील आणि त्याला औषध नाही. असे लोक मग व्हॅक्यूमची टाकी लावतात. टाकी व्हॅक्यूम साठवते, तयार करत नाही. स्लोवर दहाच इंच मिळत असतील तर ट्रॅफिकमध्ये टाकीतही दहाच इंच. तिथं इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हवा, सोबत व्हॅक्यूम पडला की चालू होणारा स्विच, वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज. जुन्या डायनामोवर हे झेपणार नाही, आधी अल्टरनेटर टाका. पंप रबराच्या बुशवर बसवा, नाहीतर केबिनमध्ये घरघर ऐकत बसाल.

हरिकेन इंजिनवाल्यांसाठी (सीजे-३बीचं मूळचं पेट्रोल इंजिन) एक टीप. या इंजिनाला इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे. नळी कुठं जोडायची म्हणून लोक गोंधळतात. मी कार्बोरेटरखाली बसेल असा दहा-बारा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर लेथवर करून घेतो आणि त्याला आडवं भोक पाडून पितळी निपल लावतो. वर-खाली दोन गास्केट, झालं काम. कार्बोरेटरवरच्या बारक्या निपलवरून, जिथून डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम जातो, तिथून बूस्टरची नळी कधीही घेऊ नका. ते भोक थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) वर असतं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिथला व्हॅक्यूम जातो, आणि ब्रेक तर आपण पाय काढल्यावरच मारतो. नळी पेट्रोलची चालत नाही. ती गरम झाली की आत चिकटते. बूस्टरसाठीची जाड भिंतीची, आतून दहा मिलिमीटरच्या आसपासची नळी घ्या आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (हवा एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या झडपेची) दिशा दोनदा तपासा.

डिझेल टाकलेल्या जीपा

आपल्याकडं पेट्रोल जीपेत प्यूजोचं २११२ सीसी इंजिन किंवा नंतरचं २५२३ सीसीचं डीआय टाकणं ही रीतच झाली आहे. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमही नसतो. पेट्रोल जीपचा बूस्टर तसाच ठेवून त्याची नळी डिझेलच्या मॅनिफोल्डला जोडून दिलेली गाडी मी पाहिली आहे, आणि मालक 'बूस्टर आहे' असं अभिमानानं सांगत होता.

डिझेलला मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. चांगला पंप समुद्रसपाटीला २४ इंचांच्या वर सहज जातो, म्हणजे पेट्रोलपेक्षा सरस. पण हा पंप इंजिन ऑइलवर चालतो. बारीक नळीतून ऑइल आत येतं आणि जाड नळीतून इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये परत जातं. ही परतीची नळी जाड हवी आणि सतत उताराला हवी. कुठंही वर उचलली, दुमडली किंवा बारीक निपल लावलं की पंपात ऑइल साठतं आणि ते बूस्टरच्या नळीकडं चढतं. डायफ्रॅमचं रबर ऑइलनं फुगून सैल पडतं.

आणि बेल्ट. बेल्ट तुटला की चार्जिंग आणि व्हॅक्यूम दोन्ही एकदम जातात. घाटात उतरताना असं झालं तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच साठा उरतो. डिझेल जीपेत मी म्हणूनच लहान टाकी लावतो, आणि नवा बेल्ट सीटखाली ठेवायला सांगतो.

याच्याच जोडीला एक सवय मोडून टाका. डिझेल-पेट्रोल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजून आहेत. जुन्या बिनबूस्टरच्या जीपेत ते नुसतंच धोक्याचं होतं. बूस्टर लावल्यावर, आणि पेडलचा रेशो चारावर आणल्यावर, चौथ्या दाबाला पेडल हलणार नाही.

डबा बसवायचा कुठं

जीपचं पेडल फ्लोअरमधून खाली जातं आणि मास्टर सिलिंडर चासीवर, चिखलाच्या वाटेत. तिथं तीन मार्ग आहेत. पहिला, फ्लोअरखाली ब्रॅकेट करून सात इंची डबा तिथंच लटकवायचा. स्वस्त पडतो, पण डबा चिखल-पाणी खातो, आणि ब्रेक ऑइल भरायला प्रत्येक वेळी फ्लोअरचं झाकण उघडा. शिवाय मास्टर कॅलिपरच्या खालच्या पातळीला असतो, त्यामुळं ऑइल उलटं वाहून पेडल खोल जातं. मग डिस्कच्या लाइनीत २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनीत १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा) टाकावा लागतो. मला हा मार्ग पटत नाही.

दुसरा, टांगत्या पेडलचा सेट समोरच्या पत्र्यावर बसवून बूस्टर आणि मास्टर बॉनेटमध्ये घेणं. बॉडी सुटी केलेली असेल तर हाच करा. फक्त जीपचा समोरचा पत्रा पातळ आहे हे विसरू नका. आतून तीन मिलिमीटरची पट्टी लावून ती दोन्ही बाजूंच्या खांबांपर्यंत न्या. झाल्यावर कुणालातरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमध्ये मास्टर सिलिंडरच्या नाकाशी बोट धरून उभे राहा. नाक दोन मिलिमीटर जरी पुढं सरकलं तरी पत्रा वाकतोय. पुशरॉडवरच्या दोन मिलिमीटरचे पायाशी चार-सहाच्या पटीनं होतात.

तिसरा मार्ग रिमोट बूस्टरचा: पेडल आणि मास्टर जिथल्या तिथं, बूस्टर मात्र ब्रेकच्या पाइपमध्ये, बॉनेटखाली जागा मिळेल तिथं. ब्रिटिश गाड्यांत गर्लिंग आणि लॉकहीडचे असे डबे असायचे, ऑस्ट्रेलियात पीबीआरचा व्हीएच-४४. पद्मिनी किंवा जुन्या ॲम्बेसेडरची बॉडी कापायची नसेल तर हाच शहाणपणाचा. टँडम मास्टर असेल तर एक रिमोट बूस्टर फक्त पुढच्या सर्किटला लावा. मागची चाकं बिनबूस्टरची राहू द्या. तसं का ते पुढं येतंच. याची एक खोड मात्र माहीत असू द्या. आतलं सील गेलं की ब्रेक ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात जाऊन जळतं. बाहेर कुठं थेंब दिसत नाही, बाटलीतलं ऑइल मात्र कमी होत राहतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. लोक त्याला हेड गास्केट समजून इंजिन उघडतात.

पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्टही असतो, बेंडिक्सनं १९७३ मध्ये आणला. जड गाडी, व्हॅक्यूम नाही आणि पॉवर स्टीअरिंग आहे, अशांना तो जमतो. जीपवाल्यांनी त्यात पडू नये. इलेक्ट्रिक गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक बूस्टर भंगारात येतायत, ते तर लांबच ठेवा.

किती मोठा? चारही चाकांना ड्रम असतील तर सात इंचांच्या वर जाऊ नका. ड्रम स्वतःच पकड वाढवतो, वर बूस्टर मोठा झाला की हलक्या पावलालाही गाडी झटका मारते. पुढं डिस्क असेल तर आठ-नऊ इंची, किंवा जागा नसेल तर सात इंची दुहेरी डायफ्रॅमचा. आणि सीजे-३बी जीपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ८० इंच, जेमतेम दोन मीटर. मागचा भाग हलका. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढं जातं, मागची चाकं आधी जाम होतात आणि पावसात गाडी गर्रकन फिरते. म्हणून बूस्टर लावला की मागच्या लाइनीत तिथला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. ओल्या मोकळ्या जागेत मागचं चाक आधी अडकणार नाही इतका दाब कमी करत न्यायचा.

जुना डबा घेत असाल, कुर्ल्याच्या भंगारातून म्हणा किंवा आणखी कुठून, गाडीच्या नावावर विसंबू नका, टेप लावा. हलवून बघा, आत पाणी वाजलं तर ठेवून द्या. मास्टर सिलिंडर जिथं चिकटतो तिथला रंग सोलून निघाला असेल तर मास्टरचं मागचं सील गळत होतं, म्हणजे डायफ्रॅमही ब्रेक ऑइल प्यायला आहे.

बसवताना

सगळ्यांत जास्त गाड्या परत येतात त्या पुशरॉडच्या अंतरापायी. बूस्टरच्या पुढच्या दांडीचं टोक आणि मास्टरचा पिस्टन यांत अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही, ऑइल परतायचं बारीक भोक बंदच राहतं, आणि दोन-चार किलोमीटरवर ब्रेक आपोआप धरायला लागतात. फट जास्त असेल तर पेडल मोकळं जातं. मोजायची पद्धत सोपी आहे. घरातून कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा आणा, थोडं तेल लावून दांडीच्या टोकावर चिकटवा, मास्टर दोन नटांवर आवळा आणि परत खोला. दबलेल्या कणकेची जाडी व्हर्नियरनं मोजा. मग मास्टरचं तोंड नीट पुसून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली 'व्हीए' (विंटेज गाडीचा) नंबर घ्यायचा विचार असेल तर इंजिन, चासी, बॉडी यांना हातच लावू नका.

आता चाचणी. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं बसलं तर बूस्टर काम करतोय. मग इंजिन बंद करून थोडं थांबा आणि दाबा. पहिले दोन-तीन दाब हलके लागायला हवेत. पहिलाच कडक लागला तर कुठंतरी हवा गळतेय. शेवटी बूस्टरची नळी काढून तिचं इंजिनाकडचं तोंड बंद करा आणि मोकळ्या सपाट जागेत ताशी वीस किलोमीटरनं थांबवून बघा. ही चाचणी तुमच्या पायानं नव्हे, घरात गाडी चालवणारं जे सर्वांत हलकं माणूस असेल त्याच्या पायानं. त्याला गाडी थांबवता आली नाही तर पेडलचा रेशो चारावरून पाचाकडं न्या.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळा, आणि डिझेल असेल तर बूस्टरकडची नळी काढून आत बोट फिरवा. बोटाला ऑइल लागलं तर आधी पंपाची परतीची नळी मोठी करा, मग डबा बदला. उलट क्रमानं केलंत तर दुसरा डबाही जाईल.